सुट्ट्या वगळून तीस दिवस

६ जानेवारी २०२५, सोमवार. दुपारी

...पिंप निम्मं भरलं होतं, कुकरची एक शिट्टी झाली होती आणि मी मोरीत चादरी भिजवत होते. आमच्याकडे पाणी साडेसहाला येतं आणि सातला जातं. तेवढ्यात हे हॉलमधून म्हणाले, उर्मिला, जरा पाठीत कसंतरी होतंय. मी म्हटलं, थांबा, पाणी जाईल. पिंप भरलं. दोन कळशा भरल्या. चादरी पिळून दोरीवर टाकल्या, चिमटे लावले. मग हात पुसत बाहेर आले. वर्तमानपत्र मांडीवर तसंच होतं, चष्मा नाकावर.

दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तरी फरक पडला नसता. डॉक्टर सगळ्यांनाच असं म्हणत असतील.

हे आज लिहायचं कारण असं की त्या दिवसापासून मी एक नियम केलाय. कुणी काही सांगितलं की हातातलं टाकून आधी ते करायचं. थांबा म्हणायचं नाही. दीड वर्ष मी हा नियम कडक पाळतेय. (समितीचा फॉर्म दोन महिने फ्रिजवर पडून होता, पण त्यात कुणी माझ्यासाठी थांबलेलं नव्हतं.)

तर आज पत्र आलं. आपल्या पोलीस ठाण्याच्या नागरिक देखरेख समितीवर माझी निवड झाली. एकूण सात सदस्य. एक महिला हवी होती आणि एक ज्येष्ठ नागरिक. दोन्ही रकाने माझ्या एकटीवर भागवलेत.

सोबत चौदा पानांची नियमावली. दुपारपर्यंत दोनदा वाचली. सातवीनंतर शाळा सुटली, पण हे सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि रद्दीतले राजपत्राचे कागद घरी आणायचे. फळीवर अंथरायच्या आधी मी ते वाचून काढायची. परळच्या चाळीत बाकीच्या बायका मासिकं वाचत, मी अधिसूचना वाचायचे. त्यामुळे कायद्याच्या भाषेला मी घाबरत नाही. ठाण्यातल्या भल्याभल्यांपेक्षा जास्त कळत असेल.

नियम ९ सगळ्यात मोठा. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण तीस दिवस ठेवतात. कुठल्याही सदस्याने लेखी मागितलं तर ते त्याच दिवशी वेगळं काढून जपून ठेवावं लागतं. एकट्या सदस्याने! बैठकसुद्धा लागत नाही.

सुरुचीला फोन केला. लेक पुण्याला असते. म्हणाली, आई, पोलिसांवर तू लक्ष ठेवणार? तू तर वॉचमनलासुद्धा दोनदा सॉरी म्हणतेस. मी म्हटलं, वॉचमनसाठी नियमावली नाही.

११ जानेवारी, शनिवार

आनंदी आली. समुद्राकाठच्या चौक गावची कोळीण. बावीस वर्षं आमच्या बिल्डिंगला मासळी देते. आज डोक्यावर पाटी नव्हती. दारातच म्हणाली, बाय, तू पोलिसांची सायबीण झालीस, खरं हाय का? मी म्हटलं, सायबीण नाही गं, देखरेख. म्हणाली, तेच ते.

प्रकरण असं. परवा गुरुवारी, नऊ तारखेला, तिचा नवरा रामनाथ मार्केटपाशी टेम्पोतून मासळी उतरवत होता. टेम्पो हटवण्यावरून हवालदाराशी शब्दाला शब्द झाला. त्याला ठाण्यात नेलं, आत बाकावर बसवलं आणि त्या हवालदाराने दोन कानाखाली दिल्या. हा हात जोडून बसून राहिला. मग कागदावर लिहिलं की यानेच ठाण्यात हवालदाराची कॉलर धरली. सरकारी कामात अडथळा. जामीन झालाय, पण केस उभी राहिली तर तुरुंग. बाकाच्या बरोबर वर कॅमेरा आहे.

आनंदी म्हणाली, त्या कॅमेऱ्यान समदा दिसल. माज्या मानसानं हात उचलला न्हाय. वकील बोलला, कोर्टातून मागवाला गेलो त म्हयना जाल. कमिटीच्या मानसानं कागद दिला त त्याच दिवशी ठेवतात.

नियम ९! मी नियमावली आणून तिला वाचूनच दाखवला. तिला वाचता येत नाही, पण ज्या ओळीखाली मी रेघ मारली होती तिच्यावर तिने बोट फिरवून पाहिलं. वकिलाच्या कारकुनाने लिहून दिलेला एक पानी अर्ज, खाली तिचा अंगठा. मी म्हटलं, सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर. तिने माझे दोन्ही हात धरले. बराच वेळ सोडले नाहीत.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

अर्ज चांगला आहे, पण कागद चुरगळलेला आणि त्याला बोंबलाचा वास. माझ्या नावाने जाणारा पहिलाच कागद असा जाऊ नये. बसून स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिला. लिहिता लिहिता चार पानं झाली, कारण कोळी समाजाचं या शहरातलं स्थान हाही मुद्दा आला पाहिजे असं वाटलं.

मग झेरॉक्स. जवळचं दुकान बंद. रिक्षाने नया नगरला गेले, तिथे लाइट नव्हती. दुकानदार म्हणाला, आंटी, आधा घंटा रुको. थांबले नसते तर बरं दिसलं नसतं, थांबले तर एक वाजला. एकला साहेब जेवतात.

उद्या संक्रांत. सणाच्या दिवशी तक्रार घेऊन जाणं बरं नाही. बुधवारी. नक्की.

भोगीची भाजी एकटीपुरती करता येत नाही. वांगी, वाटाणे, गाजर, हरभरा सगळं एकेक घेतलं तरी कढईभर होते. यांच्या वाटची बाजूला काढून ठेवली आणि रात्री मीच खाल्ली.

१५ जानेवारी, बुधवार

ठाण्यात गेले.

ममता नावाची महिला पोलीस आहे. गेटवरच म्हणाली, काकू, तुम्ही समितीच्या ना? या, या. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. साहेब उठून उभे राहिले. मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. कोणी नव्हतं. माझ्यासाठीच उठले होते.

त्रेसष्ट वर्षांत माझ्यासाठी खुर्चीतून कोणी उठलेलं आठवत नाही. यांच्या साहेबांच्या घरी एकदा गेलो होतो तेव्हा मीच उठून बसून दमले होते.

चहा आला. बाकीच्यांना कागदी कपात, मला कपबशीत. साहेबांनी गुडघ्यांचं विचारलं. निघताना ममता रिक्षापर्यंत सोडायला आली.

अर्ज पर्समध्येच राहिला. पहिल्याच भेटीत कपबशी खाली ठेवून तक्रार काढायची म्हणजे माणसं आपल्याला काय म्हणतील! आधी विश्वास निर्माण करायचा असतो. शिवाय शनिवारी समितीची बैठक आहेच. सातही सदस्यांसमोर दिला तर वजन येईल.

१८ जानेवारी, शनिवार

बैठक रद्द. बंदोबस्त.

संध्याकाळी आनंदी आली, सहा बोंबील घेऊन. काय झाला कागदाचा? मी म्हटलं, बैठकीत ठेवायचाय, बैठक पुढे गेली. म्हणाली, बैठक कशाला पायजे? तूच बोललीस का एकट्याचा चालतो.

बावीस वर्षांत या बाईने भाव सोडून दुसरं काही लक्षात ठेवलेलं मला माहीत नव्हतं.

बोंबलाचे पैसे घेईना. नियम ११: सदस्याने तक्रारदाराकडून भेटवस्तू घेऊ नये. मी चार परत केले. दोन बोलता बोलता साफ करून झाले होते, त्यांना नियम लावता येईना.

२२ जानेवारी, बुधवार. रात्री

हे नीट लिहून ठेवायला हवं.

ठाण्यात आज हळदीकुंकू होतं. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात ‘सर्व महिलांसाठी’. मला सदस्य म्हणून बोलावणं. जायचं की नाही, सकाळपासून ठरेना. गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये झालं तेव्हा शेजारची पूर्वी तिळगूळ आणि वाण घरी आणून देऊन गेली. उर्मिलाबेन, तमारे माटे, म्हणाली. घरी आणून दिलं, म्हणजे मान ठेवला. मीच त्यांना अवघडायला नको म्हणून दार लवकर लावलं होतं. चाळीत असताना मी चाळीसचाळीस बायकांना बोलवायची.

अर्ज पर्समध्ये घेऊन गेले. आज द्यायचाच असं ठरवूनच.

ममता तबक घेऊन ओळीने येत होती. माझ्यापाशी आली तशी मी म्हटलं, अगं, मला नको लावूस, माझे मिस्टर... ती म्हणाली, काकू, कपाळ पुढे करा, मागे लाइन आहे. आणि लावलं. हळद, मग कुंकू. मधल्या बोटाने, दाबून. वर तिळगूळ हातात दिला आणि म्हणाली, आता गोड बोलायचं हं, आमच्याशी तरी.

मी वॉशरूममध्ये जाऊन आले. आरशात पाहिलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले.

वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा, झाकणावर हेल्पलाइन नंबर. डबा पर्समध्ये ठेवायला गेले तर अर्ज आडवा आला. ज्या मुलीने मला कुंकू लावलं तिच्या हातात तिच्याच ठाण्याविरुद्धचा कागद द्यायचा? त्याच संध्याकाळी? डबा वर ठेवला, अर्ज खाली दाबला.

घरी येऊन तोंड धुतलं, कपाळ सोडून.

रामनाथच्या कानाखाली मारणारा हवालदार कार्यक्रमात खुर्च्या लावत होता. ममताने नावानिशी ओळख करून दिली, अर्जात तेच नाव आहे, म्हणून कळलं. काकू, हे आमचे मदतीला सगळ्यात पुढे. त्याने मला पाणी आणून दिलं. मी प्यायले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. पहिल्या रांगेत खुर्ची. बाजूला समितीचे अध्यक्ष बाबाजी. त्यांचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. ठाण्याच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या खुर्च्या त्यांच्याच, म्हणून अध्यक्षपदाचीही. मला म्हणाले, ताई, देखरेख म्हणजे काय, तर यांची काळजी घेणं. बिचारे रात्रंदिवस उभे असतात. मी म्हटलं, नियमावलीत तसं नाहीये. ते म्हणाले, नियमावली वाचलीत तुम्ही? आणि कौतुकाने दोघाचौघांना बोलावून सांगितलं, ताईंनी वाचलीय बरं का!

फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर गेला. पूर्वी जिन्यात भेटली. उर्मिलाबेन, तमे तो पोलीस थई गया! अब पार्किंग में मेरी गाडी के पीछे कोई लगाए तो आपको बोलूं ना?

बोल, म्हटलं.

२८ जानेवारी, मंगळवार

सुरुचीचा फोन. आनंदीचं मी तिला सांगितलं होतं. आई, तो कागद दिलास का? मी म्हटलं, घाई काय आहे. ती म्हणाली, एकोणीस दिवस झाले.

पोरीने राजपत्र कधी वाचलं नाही, त्याचा हा परिणाम. सरकारी मुदत मोजताना सुट्ट्या धरत नाहीत. हे मला यांनीच समजावलं होतं, एका निविदेवर बोट ठेवून. रविवार वगळा. दुसरा आणि चौथा शनिवार वगळा. संक्रांत वगळा. कॅलेंडर घेऊन मोजलं. नऊ तारखेपासून आज तेरावा दिवस. सतरा दिवस हातात आहेत. कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडेही टाकून ठेवले, म्हणजे वाद नको.

सुरुची म्हणाली, कॅमेऱ्याला कुठे सुट्टी असते? मी म्हटलं, ठाण्याला असते ना. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१ फेब्रुवारी, शनिवार

बैठक झाली! सातपैकी तिघे आलो. चार लागतात. चौथ्याची सही बाबाजींनी त्याला फोनवर विचारून केली. हे नियमात बसत नाही, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मग पाहणी. लॉकअप रिकामं, फिनेलचा ताजा वास. महिलांचं स्वच्छतागृह ठीक, कडी लागत नाही. मग तो बाक. हिरवा, लोखंडी, भिंतीला लावलेला. वर कॅमेरा. पाय दुखत होते म्हणून मी जरा टेकले. पलीकडच्या खोलीतून ममता ओरडली, काकू, मस्त दिसताय स्क्रीनवर! वर बघा ना! मी वर पाहिलं. हसले पण.

मी विचारलं, हे सगळं किती दिवस राहतं? ममता म्हणाली, तीस दिवस, मग आपोआप त्याच्यावर नवीन चढतं. मी म्हटलं, सुट्ट्या वगळून ना? ती हसली. म्हणजे होच.

शेवटी पाहणी नोंदवही आली. मजकूर आधीच लिहिलेला. ममता म्हणाली, आज तुम्हाला घाई नको म्हणून कालच लिहून ठेवला, काकू. मी पूर्ण वाचला. मी न वाचता सही करणारी नव्हे. कॅमेरे चालू आहेत. चित्रण व्यवस्थित आहे. समितीकडे कोणतीही तक्रार प्रलंबित नाही.

शेवटच्या वाक्यावर थांबले. पण नीट पाहिलं तर ते खरं आहे. अर्ज समितीकडे नाही. अर्ज माझ्या पर्समध्ये आहे. समितीकडे तो मी दिला की मग प्रलंबित होईल.

बाबाजी म्हणाले, ताई, वडे थंड होतायत.

सही केली. यांच्या नावासकट, श्रीमती उर्मिला काशीनाथ, तारीख, वेळ. चारही सह्यांत माझीच वाचता येण्यासारखी होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी बेल वाजली. जिन्यावर पाटी टेकल्याचा आवाज आधीच ओळखला होता. मी आंघोळीला गेले असेन असं तिला वाटलं असेल. पुन्हा वाजली. पूर्वीचं दार उघडलं. आनंदी तिला विचारत होती, बाय घरान न्हाय का? पूर्वी म्हणाली, हैं ना, अभी तो देखा.

मी मोरीत उभी होते. साडी वगैरे नेसून, कोरडी.

यादी केली. उद्या: १) अर्ज. बाकी काही लिहिलं नाही, म्हणजे गोंधळ नको.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल गुडघा धरला होता. आज गेले. मोठे साहेब रजेवर, सोमवारी येणार. ममता म्हणाली, काही कागद असेल तर आवक टपालात टाका ना काकू, लगेच शिक्का मारून देते. मी म्हटलं, नको, साहेबांच्याच हातात द्यायचाय. आवक टपालात काय, कोणीही टाकतं.

अजून आठ दिवस आहेत. कॅलेंडरवर आज बावीस.

झोप नीट लागत नाही. गुडघ्यामुळे.

१० फेब्रुवारी, सोमवार

दिला! अकरा वाजता, साहेबांच्या हातात. स्वच्छ अक्षर, चार पानं, झेरॉक्स, नियम ९ चा उल्लेख ठळक. म्हटलं, आज तेविसावा दिवस, मुदतीत आहे.

साहेबांनी वाचला. नाराज झाले नाहीत. हेच मला वाईट वाटतंय. उलट म्हणाले, तुमचा अधिकार आहे ताई, द्यायलाच हवा होता. आणि ममताला हाक मारली.

ममताने घटनेची तारीख पाहिली. मग भिंतीवरचं कॅलेंडर. म्हणाली, काकू, हे शनिवारी गेलं. आठ तारखेला. मी सुट्ट्यांचं सांगितलं. पाच रविवार, तीन शनिवार, संक्रांत. सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग हळू म्हणाली, मशीनला रविवार नसतो, काकू.

बाहेर सोडायला आली तेव्हा म्हणाली, शुक्रवारी तुम्ही आलात तेव्हा पर्समध्ये होतं का हे? मी हो म्हटलं. म्हणाली, शुक्रवारी मी स्वतः काढून ठेवलं असतं. नियम आहे तो. त्या हवालदाराशी माझं काय नातं आहे?

मला वाटत होतं ती दुखावेल. महिनाभर मी त्या मुलीला जपत होते. तिला जपायची गरज नव्हती.

रिक्षा मीच शोधली.

घरी येऊन कॅलेंडरवरचे आकडे खोडले. पेन्सिलीचे होते, पण ठसे राहिले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आनंदी आली. आज मी दार उघडलं.

हातात लिफाफा. वकिलाने कोर्टातर्फे चित्रण मागितलं होतं, त्याला ठाण्याचं उत्तर आलंय. वकील वसईला गेलाय, कागद कळावा म्हणून ती आधी माझ्याकडे. म्हणाली, तू वाच. तुज्यासारखा कोन वाचीत न्हाय.

तीन परिच्छेद होते. पहिल्यात, आपला अर्ज मिळाला. दुसऱ्यात, नऊ जानेवारीचं चित्रण मुदत संपल्याने आपोआप पुसलं गेलं, ते देता येत नाही. हे वाचलं. ती खाली बसली. दारातच.

तिसऱ्यात असं होतं की, मुदतीच्या आत दिनांक एक फेब्रुवारी रोजी नागरिक देखरेख समितीने प्रत्यक्ष पाहणी केली असून समितीकडे कोणतीही तक्रार प्रलंबित नसल्याचं सदस्यांनी स्वतः प्रमाणित केलं आहे. सोबत प्रत जोडली आहे.

प्रत जोडलेली होती.

आनंदी म्हणाली, अजून हाय ना खाली? काय लिवलाय?

मी म्हटलं, काही नाही. ठाण्याचा पत्ता आहे.

तिने मान हलवली. म्हणाली, तू तरी काय करशील, बाय. तू कागद दिलास. त्यांनीच पुसला.

मी पाणी आणून दिलं. पिऊन तांब्या स्वतः धुऊन ठेवला आणि गेली. लिफाफा घेऊन गेली.

रात्री

कारणं लिहायला बसले होते. पानभर झाली. एक: पत्रात माझं एकटीचं नाव नव्हतं. दोन: मुदतीची व्याख्या नियमावलीत स्पष्ट नाही, तशी सूचना पुढच्या बैठकीत मांडता येईल. तीन: रामनाथला हे कळून चित्रण परत येणार नाही. चार: वकील परवा येईल तेव्हा तो वाचेलच, मग मी कशाला?

चौथं कारण दोनदा वाचलं. वकील वाचेल, तेव्हा सहीखालचं नावही वाचेल. चारांत तेवढंच वाचता येतं.

बाकीची कारणं इथे उतरवत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल सकाळी भाईंदर पश्चिमेहून चौकची बस धरली. पाणी यायच्या आधीच निघाले होते. मुर्धा गाव सोडल्यावर बसायला जागा मिळाली.

आनंदी ओट्यावर सुकट निवडत होती. मी म्हटलं, तो कागद आण. तिने डब्यातून आणला. तिसरा परिच्छेद वाचून दाखवला. मग जोडलेली प्रत, वरपासून खालपर्यंत. मग सह्या आणि त्यातलं नाव. मग सांगितलं की तुझा अर्ज अकरा जानेवारीला मला मिळाला आणि दहा फेब्रुवारीला मी दिला. मधले दिवस तो माझ्याकडे होता.

तिने सुकटीतला हात काढला नाही. हळदीकुंकवाचं मी सांगणार होते, ते सांगितलं नाही.

तेच एका कोऱ्या कागदावर लिहिलं, वकिलासाठी. एका पानात बसलं. खाली सही केली.

तेवढ्यात रामनाथ बंदरावरून आला. आनंदी माझ्याकडे न बघता म्हणाली, त्याला पन वाच.

मी परत पहिल्यापासून वाचलं.